शिडीरावांची दुसरी बाटली

आमच्या समोरच्या दारात राहणाऱ्या गृहस्थांना सगळी इमारत शिडीराव म्हणते. हे नाव मी ठेवलं आणि त्याचा मला आजवर एकदाही पश्चात्ताप झालेला नाही. माणूस सहा फूट तीन इंच. मी शिंपी आहे, त्यामुळे हा आकडा अंदाजपंचे नाही, टेपने मोजलेला आहे. उंची भरपूर दिली म्हणून देवाने खांद्यांत हात आखडता घेतला. मान जी सुरू होते ती उतरत उतरत थेट कोपरापर्यंत जाते. त्यांच्या अंगावर कोट नीट बसवणं म्हणजे मेणबत्तीला शाल पांघरणं.

शिडीराव कोपऱ्यावरच्या रेस्टॉरंटमध्ये वेटर आहेत. चौदा टेबलांचं रेस्टॉरंट, आणि शिडीरावांना तिथे एकतीस वर्षं झाली. पहिली दोन वर्षं ग्लास विसळले, मग टेबलं मिळाली. एका हातावर चार प्लेटा तोलून दुसऱ्या हाताने खुर्ची ओढून देतात. दारातून आलेला माणूस सूप मागवणार की नाही हे म्हणे ते त्याच्या बुटांवरून सांगतात. अंदाज चुकला तर म्हणतात, "बूट उसने आणलेले असणार."

घरीही ते वेटरच. वहिनी बसस्टँडच्या खिडकीत तिकिटं देतात, त्यामुळे त्यांचंही बोलणं मोजकं आणि सुट्टं. त्या एकदा म्हणाल्या, "लग्नाला सत्तावीस वर्षं झाली मास्तर, पण हा माणूस जेवायला बसलेला मी पाहिला नाही. उभ्याने दोन घास घेतात आणि माझी प्लेट उचलायला टपून राहतात. मी अर्ध्यात पाणी प्यायला थांबले की गेली प्लेट!"

ह्या शिडीरावांवर मागच्या हिवाळ्यात संकट आलं, आणि ते येऊन अडकलं एका बाटलीवर.

सोमवारी सकाळी ते माझ्याकडे एक राखाडी कोट घेऊन आले. मोरीतून काहीतरी उपसून आणावं तसा दोन बोटांत धरलेला.

"मास्तर, बाह्या चार बोटं वाढवायच्या. पुढच्या सोमवारी हवाय."

"हा रंग कुणी निवडला? तुम्ही ह्यात विजेचा खांब दिसाल."

नेहमी ते मला उलट टोमणा मारतात. त्या दिवशी मारला नाही. तेव्हा मी शिलाई मशीन थांबवलं आणि विचारलं, "काय झालं?"

झालं होतं ते असं. म्हातारे मालक थकून घरी बसले आणि रेस्टॉरंट त्यांच्या भाचीकडे आलं. ह्या नव्या मालकीणबाई चौतिशीच्या, कानामागे पेन्सिल, आणि ती पेन्सिल बाहेर आली की कुणाचं ना कुणाचं नाव कापलं जाणार. त्यांनी ठरवलं की वाइन विकायला शिकलेला, सर्टिफिकेटवाला माणूस आणायचा आणि टेबलं त्याला द्यायची. शिडीरावांनी दारात उभं राहून पाहुण्यांचे कोट आणि छत्र्या घ्यायच्या, बिल्ला द्यायचा. त्यासाठीच हा राखाडी कोट.

"म्हणाल्या, तुमचे पाय दुखत असतील. मी म्हणालो, नाही दुखत. तर म्हणाल्या, मग दुखतील."

"आणि तुम्ही मुकाट्याने कोट घेऊन आलात?"

"मुकाट्याने कसला? मी म्हणालो, वाइन मलाही विकता येते. तर त्या म्हणाल्या, मग तळघरातली ती जर्मन विकून दाखवा."

ही जर्मन म्हणजे काय ते सांगायला हवं. आठ वर्षांपूर्वी म्हाताऱ्या मालकांनी हौसेने सहा खोकी पांढरी जर्मन वाइन आणली होती. रीसलिंग तिचं नाव. उंच, सडपातळ, हिरवी बाटली, खांदे नावालाही नाहीत. मी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हाच म्हणालो होतो, "शिडीराव, तुमची भावंडं आली." पण अशी बाटली दिसली की लोक धरून चालतात की आत गोड असणार. ते ती केकबरोबर मागवत. ही तर ड्राय, म्हणजे गोडव्याचा टिपूस नाही. एक घोट घेतला की तोंड वाकडं आणि बाटली परत. पुढे पुढे आणखी एक तक्रार आली: हिला रॉकेलचा वास येतो! मग शिडीरावांनी उपाय काढला. माशांच्या पेटीतला बर्फ घ्यायचा आणि बाटली गळ्यापर्यंत पुरून ठेवायची. वास बंद झाला. बाटल्या परत येणंही बंद झालं. फक्त एकदा मागवलेली पुन्हा कुणी मागवत नसे.

मालकीणबाईंची अट साधी होती. रविवारी दुपारी त्यांची सासरची दहा माणसं जेवायला येणार होती. त्यांत त्यांच्या आतेसासूबाई, म्हणजे त्या घरातल्या सरन्यायाधीश. त्या टेबलावर जर्मन वाढायची. टेबलाने स्वतःच्या तोंडाने दुसरी बाटली मागितली तर शिडीरावांची टेबलं शिडीरावांकडे. आपण होऊन "आणू का?" असं विचारलं तर ते धरणार नाही. कुणी मागितलीच नाही, तर सोमवारी राखाडी कोट.

"एवढंच ना?" मी म्हणालो. "त्यात काय अवघड आहे?"

"मास्तर, आठ वर्षांत त्या बाटलीची दुसरी कुणी मागितलेली नाही."

"का?"

"चांगली नसेल."

"नसेल म्हणजे? तुम्हाला माहीत नाही?"

शिडीरावांनी छताकडे पाहिलं. छत त्यांना आमच्यापेक्षा जवळ पडतं. "मी कधी चाखली नाही."

माझ्या हातातली कात्री खाली आली. एकतीस वर्षं! म्हाताऱ्या मालकांचा नियम होता, वाढणाऱ्याने चाखायचं नाही. चाखणाऱ्या वेटरचं आधी नाक वर जातं आणि मग आवाज. शिडीरावांनी तो नियम व्रतासारखा पाळला होता. कुठल्या वाइनबरोबर काय चांगलं लागतं ते त्यांना ठाऊक होतं, पण ते सगळं गिऱ्हाइकांच्या तोंडांवरून. कुणाच्या भुवया वर गेल्या, कुणी ग्लास लांब सरकवला, कुणी घास तोंडात असतानाच दुसरा घोट घेतला. माणूस बहिरा असून ओठांवरून गाणं ओळखत होता म्हणा ना.

"उद्या तुमची सुट्टी आहे," मी म्हणालो. "दोन बाटल्या घेऊन माझ्याकडे या. आणि ऐकून ठेवा, बसायचं आहे."

मंगळवारी अकरा वाजता ते आले, मालकीणबाईंना विचारून आणलेल्या दोन बाटल्या काखेत घेऊन. बाटल्या ठेवायच्या कुठे हा प्रश्न पडला, कारण माझा फ्रिज दहा दिवस बंद होता आणि मेकॅनिक रोज "उद्या नक्की" म्हणत होता. शिंप्याने ह्यावर काय बोलावं? एक बाटली मी खिडकीच्या कट्ट्यावर सावलीत ठेवली. बाहेर गारवा होता. तासाभरात ती हाताला सकाळच्या नळाच्या पाण्याइतकी गार लागली, त्याहून जास्त नाही.

वहिनी जेवणाच्या सुट्टीत पिशवी भरून खाणं घेऊन आल्या. लोण्यात तळायला ताजा मासा, धुरावलेला मासा, पोर्क चॉप, बकरीच्या दुधाचं मऊ चीज, उकडलेले बटाटे, डबाभर बीफचा दाट रस्सा आणि चॉकलेट केकचा तुकडा.

"एवढं कशाला?" शिडीराव म्हणाले.

"तुम्ही बसलेले दिसणार आहात. सोहळा आहे हा," वहिनी म्हणाल्या.

बसले बिचारे. गुडघे टेबलाला लागले आणि टेबल दोन इंच उचललं गेलं. मी बूच काढून तीन ग्लासांत ओतली, नाक पुढे नेलं आणि ओरडलो, "रॉकेल! वहिनी, गॅस बंद करा!"

शिडीरावांचा चेहरा पडला. "म्हणजे खराबच आहे."

"मास्तर, तुम्ही जरा तोंड मिटा," वहिनी म्हणाल्या. त्यांनी ग्लास दोनदा गोल फिरवला, पुन्हा हुंगला, आणखी एकदा फिरवला. "निघून नाही जात, पण मागे सरतोय. त्याच्यामागे लिंबाची साल आहे. हिरवं सफरचंदही आहे. घ्या की हो घोट, बघत काय बसलात?"

शिडीरावांनी घोट घेतला. माझ्या तोंडाकडे पाहिलं, वहिनींच्या तोंडाकडे पाहिलं आणि अस्वस्थ झाले.

"कशी आहे?" मी विचारलं.

"कळत नाही. मास्तर, तुमचा तो ट्रायलचा आरसा आहे ना, तो इकडे आणा."

"आता आरसा कशाला?"

"आणा हो. मला तोंड बघितल्याशिवाय कळत नाही."

मी माणूसभर उंचीचा आरसा ओढत स्वयंपाकघरात आणला. शिडीराव त्याच्यासमोर खुर्ची घेऊन बसले, आणि आरशातल्या गिऱ्हाइकावर नजर ठेवून खायला-प्यायला लागले. वहिनी तळत होत्या, मी वाढत होतो. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच शिडीरावांना कुणीतरी वाढत होतं.

लोण्यातला मासा खाल्ला, घोट घेतला. आरशातल्या माणसाच्या भुवया वर गेल्या. "लिंबू पिळायची गरज नाही," तो म्हणाला, "ते हिच्यात आधीच पिळलेलं आहे." धुरावलेल्या माशाबरोबर रॉकेलचा वास कुठे संपतो आणि धूर कुठे सुरू होतो ते कळेना, दोघं एकाच घरातले निघाले. पोर्कची चरबी जिभेवर बसली होती ती एका घोटात साफ धुतली गेली, आणि पुढचा घास पहिल्यासारखा लागला. चीज आणि वाइन तर अशी गप्पांत रमली की आम्हाला कुणी विचारेना. बीफच्या रश्शापुढे मात्र वाइन गोधडीखालून बोलावं तशी झाली, ऐकूच येईना. आणि केक! केकचा घास घेऊन घोट घेतला आणि आरशातलं तोंड असं आवळलं की मी हसून टेबलावर पडलो. गोडाच्या पाठीवर तीच वाइन निव्वळ आंबट लागते, खिळा चाटल्यासारखी.

शिडीराव हसले नाहीत. पुन्हा माशाचा तुकडा घेतला, पुन्हा घोट घेतला, आरशातल्या माणसाकडे बराच वेळ पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "हा माणूस दुसरी मागणार."

मग एकदम उठले आणि दुसरी बाटली बर्फात घाला म्हणाले. खालच्या मासेवालीकडून बादलीभर बर्फ आणला, बाटली गळ्यापर्यंत पुरली आणि अर्ध्या तासाने चाखली. वास नाही, लिंबू नाही, सफरचंद नाही. पत्र्याच्या डब्यात ठेवलेलं गार पाणी.

"बाटली खराब नव्हती," शिडीराव म्हणाले. "आठ वर्षं मीच तिचं तोंड दाबून ठेवलं होतं."

बुधवारी त्यांनी ज्या व्यापाऱ्याकडून खोकी आली होती त्याला फोन लावून रॉकेलचं विचारलं. तो म्हणाला, अहो, ह्या वाइनला वय झालं की तो वास येतोच, जाणकार त्यासाठी ती राखून ठेवतात. तुमच्याकडे उरल्यात का, परत घेऊ का? शिडीरावांनी फोन ठेवून दिला. शनिवारपर्यंत त्यांच्या चालण्यात असा काही दिमाख आला की दाराच्या चौकटीला दोनदा डोकं आपटलं.

रविवारी मी तिथे होतो. योगायोगाने नव्हे. त्या मोठ्या टेबलामागच्या पडद्याची शिवण उसवली होती आणि मालकीणबाईंनी मला तातडीने बोलावलं होतं. शिवण कशी उसवली हे त्यांनी विचारलं नाही. शुक्रवारी दुपारी मी तिथे कॉफी प्यायला गेलो होतो, एवढंच सांगतो.

दहा माणसं आली. आतेसासूबाई मधल्या खुर्चीत बसल्या, हातात काठी, गालात पेपरमिंटची गोळी. एक संपली की पर्समधून दुसरी. शिडीरावांनी ते दारातच पाहिलं. पेपरमिंटवर कुठलीही वाइन म्हणजे दात घासून संत्रं खाणं. आणि बाईंना "गोळी थुंका" असं सांगायचं तरी कुणी?

बाटली बाजूच्या कपाटावर नुसतीच उभी होती. मालकीणबाई जवळ येऊन पुटपुटल्या, "बर्फ कुठाय?"

"बर्फ माशांना, बाई. बाटलीला पुरे झाला."

पेन्सिल कानामागून बाहेर आली.

नेहमीची रीत आधी वाइन, मग खाणं. शिडीरावांनी ती फिरवली. लोण्यात तळलेले छोटे मासे, गरमागरम, कुरकुरीत, आधी टेबलावर गेले.

"आणि वाइन?" आतेसासूबाईंनी विचारलं.

"येतेय बाई. ती माशाच्या मागून येते."

मासे समोर वाफाळत होते. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, गोळी ह्या गालातून त्या गालात नेली, पुन्हा पाहिलं. शेवटी कागदी रुमाल तोंडाशी नेला, गोळी त्यात गुंडाळली आणि मासा उचलला. पडद्यामागे मला सुई टोचली, एवढा आनंद झाला.

तो मासा पोटात जाईपर्यंत शिडीराव थांबले, मग बाटली घेऊन पुढे झाले.

"अरे वा, ही गोड असते," बाई म्हणाल्या.

"थेंबभरही नाही, बाई. उंच आणि बारीक दिसते म्हणून लोक गैरसमज करून घेतात. माझंही तेच होतं."

टेबल हसलं. बाईंनी ग्लास उचलला, हुंगला आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "रॉकेल!"

नऊ ग्लास हवेत थांबले. मालकीणबाईंनी डोळे मिटून घेतले.

"आहे," शिडीराव म्हणाले. "आठ वर्षांची झालीय. हिला वय असं येतं. दोनदा ग्लास फिरवा, एक मासा खा, घोट घ्या. मग तुम्ही म्हणाल ते खरं."

बाईंनी ग्लास फिरवला, मासा खाल्ला, घोट घेतला. दुसरा मासा घेतला. शिडीरावांनी उरलेली बाटली दहा ग्लासांत संपवली आणि ते माझ्या पडद्याजवळ येऊन उभे राहिले, टेबलाकडे चक्क पाठ करून.

"अहो, बघा तरी काय चाललंय," मी कुजबुजलो.

"वेटरने बघणं म्हणजे विचारणं. अटीत बसत नाही. तुम्ही बघा. म्हाताऱ्या बाईंनी ग्लास कुठे ठेवलाय?"

"प्लेटच्या उजव्या अंगाला. हात त्याच्यावरच आहे."

"बाकीचे?"

"टोकाच्या पाहुण्यांचा रिकामा. ती लाल ब्लाऊजवाली उरलेला घोट पुरवून पुरवून पितेय. आता पोर्क आलं. बाईंनी घास घेतला. ग्लास उचलला. रिकामा आहे. उलटा करून बघतायत."

"मग आता हाक येईल," शिडीराव म्हणाले आणि जाकिटाची बटणं नीट केली.

"अहो लांब गृहस्थ!"

ते वळले. "बोला बाई."

"हे एवढं पोर्क माझ्यापुढे आणि ग्लास कोरडा. असं कुठे असतं का?"

"काय आणू?"

"काय आणू काय? तीच. ती रॉकेलची!"

मालकीणबाईंची पेन्सिल कानामागे परत गेली. टेबलाने दुसरी संपवली, तिसरीही मागितली. इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती, पण मग चॉकलेट केक आला.

"ह्याच्याबरोबरही तीच द्या," आतेसासूबाई म्हणाल्या.

"नाही," शिडीराव म्हणाले.

मालकीणबाई जागच्या जागी थिजल्या. जिंकलेला डाव हा माणूस आपल्या हाताने उधळणार!

"नाही म्हणजे?" बाईंची काठी जमिनीवर आपटली.

"केकबरोबर तुमचं तोंड वाकडं होईल आणि नाव बाटलीचं खराब होईल. आठ वर्षं हेच झालंय. केकबरोबर कॉफी चांगली लागते."

"मी सांगते ना, ओता!"

शिडीरावांनी एकच घोट ओतला. बाईंनी केक खाल्ला, घोट घेतला, आणि त्यांचं तोंड पर्ससारखं खटकन मिटलं. बाई पाणी प्यायल्या आणि रुमालाने ओठ टिपून मालकीणबाईंकडे वळल्या. "ह्यांना कुठून आणलंस गं?"

"इथलेच आहेत, आत्या. एकतीस वर्षं."

"मग आजवर दिसले कसे नाहीत? ह्यांनाही तळघरात ठेवलं होतं का?"

पाहुणे गेल्यावर मालकीणबाई शिडीरावांसमोर आल्या. माफी वगैरे त्यांच्या स्वभावात नाही. म्हणाल्या, "वाइनची यादी तुम्ही लिहायची. प्रत्येकीपुढे काय खायचं आणि काय नाही. आणि तो कोट टेलरकडून परत घ्या, झाला असेल तसा."

"झालाच नाही," मी पडद्यामागून म्हणालो. "टाकासुद्धा घातलेला नाही." उशिराबद्दल गिऱ्हाइकाने माझे दोन्ही हात हातात घेण्याची ही पहिलीच वेळ.

यादी आता दारात लावली आहे. जर्मनपुढे शिडीरावांच्या तिरक्या अक्षरात लिहिलंय: मासा, पोर्क, बकरीचं चीज. रॉकेलचा वास येईल, घाबरू नये. केकबरोबर मिळणार नाही.

शिडीराव मंगळवारी आमच्याकडे बसून जेवतात. बाकी दिवस घरी उभ्यानेच, पण वहिनींची प्लेट आता त्या "घ्या" म्हणेपर्यंत उचलत नाहीत. म्हाताऱ्या मालकांचा नियम मोडला; दुपारी बारा वाजता रेस्टॉरंटचे सगळे वेटर भटारखान्यात रांगेने चाखायला बसतात, आणि समोर माझा आरसा असतो. दोन दिवसांसाठी म्हणून नेला होता. मी रोज मागतो, ते म्हणतात, "उद्या नक्की." तोवर माझी गिऱ्हाइकं कपडे घालून मलाच विचारतात, "मी कसा दिसतोय?" मी त्यांच्या तोंडाकडे बघून सांगतो.